कावीळ कशाला म्हणायची

माझी सून साथरोगतज्ज्ञ आहे. सरकारी आरोग्य खात्यात कंत्राटी नोकरी, ऑफिस इथंच संभाजीनगरात, आणि काम असं की कुठल्या भागात कोणता आजार वाढतोय त्यावर लक्ष ठेवायचं. मी त्याच खात्यातून नर्स म्हणून रिटायर झाले. उमेदीची वर्षं पैठणकडच्या उपकेंद्रांत गेली, नंतरची सगळी गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांत. तेव्हा घरात आजारपणाचं काही निघालं की बोलायचा मान माझा असायचा. सून आली आणि तो मान हळूहळू तिच्याकडं सरकला. तिनं ओढून घेतला असं मला म्हणता यायचं नाही. लोकच माझ्या खांद्यावरून तिच्याकडं बघायला लागले.

तिला पसंत मीच केलं होतं. ती देवगाव रंगारीची, शेतकरी घरातली. आधी आयुर्वेदाची पदवी घेतली, मग सार्वजनिक आरोग्यात पुढचं शिक्षण. आपल्याच क्षेत्रातली मुलगी येतेय, बोलायला माणूस मिळेल, असं मी सगळ्यांना सांगत फिरले होते. बोलायला माणूस मिळालं खरं, पण बोलणं तिचं आणि ऐकणं माझं, असं होईल हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी ती हॉलमध्ये उभी राहून सराव करत होती. नव्यानं भरती झालेल्या कर्मचाऱ्यांना तिला शिकवायचं होतं. समोर सोफ्यावर माझा मुलगा. तो वाळूजला कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशी पेपर वाचता वाचता झोपतो. त्या दिवशी पेपर मिटून बसला होता.

ती सांगत होती की सर्वेक्षण म्हणजे नुसतं मोजणं नाही. माहिती सतत गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा, आणि ज्याच्या हातात काही करणं आहे त्याच्यापर्यंत ती वेळेत पोचवायची. यातलं शेवटचं राहिलं तर आधीचं सगळं रद्दीत जातं. मग तिनं दोन रीती सांगितल्या. दवाखान्यात बसून येईल त्या रुग्णाची नोंद करायची, ही निष्क्रिय रीत. आपण उठून दारोदार जायचं आणि आजारी माणूस शोधायचा, ही सक्रिय.

मुलानं विचारलं, "पण कुणीच आजारी नसलं तर काय कळवायचं?"

"शून्य कळवायचं. कारण निरोगी गाव आणि गप्प बसलेला दवाखाना लांबून सारखेच दिसतात."

"भारी आहे हे," तो म्हणाला. आणि मग त्यानं आणखी विचारलं, आणि आणखी.

मी स्वयंपाकघराच्या दारात मेथीची जुडी घेऊन उभी होते. हा मुलगा लहान असताना मी तापाचे रुग्ण शोधत वस्त्या-वस्त्या पालथ्या घालायचे. बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचं, पट्ट्या गुंडाळून तालुक्याला पाठवायच्या, संध्याकाळी एसटीनं परत. घरी आले की तो विचारायचा, खायला काय आणलं. कुठं गेली होतीस, कशाला गेली होतीस, रक्त घेऊन काय करतात, हे त्यानं आयुष्यात एकदाही विचारलं नाही. आणि आता तेच काम बायकोच्या तोंडून ऐकताना त्याचे डोळे मोठे झाले होते.

सुनेनं मला पाहिलं. म्हणाली, "आई, तुम्ही तर हे सगळं केलंय. एखादा अनुभव सांगा ना, मी त्यांना सांगेन."

"आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं," मी म्हणाले. "नुसतं काम होतं."

मुलानं माझ्याकडं कसंतरी पाहिलं. मी आत जाऊन मेथी निवडत बसले. देठासकट पानं पातेल्यात जात होती, मला दिसत होतं, तरी मी तशीच टाकत होते. माझी पायपीट तिच्या तोंडी गेली की तो तिचा धडा होणार होता. ते मला सहन होत नव्हतं.

नंतर तिचं कौतुक जिथून तिथून कानावर यायला लागलं. शेजारीण बाळाचा ताप सांगायला माझ्याकडं यायची, ती आता दारातूनच सुनेचं विचारायची, "वहिनी आल्या का?" खात्यात माझ्या हाताखाली काम शिकलेली एक बाई बाजारात भेटली आणि उभ्या उभ्या बराच वेळ सुनेचंच सांगत राहिली. किती छान समजावतात मॅडम, आम्हाला पहिल्यांदा कळलं आपण काय करतो ते. मग इतकी वर्षं मी तिला काय शिकवलं होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागले.

गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत माझी एक जुनी मैत्रीण राहते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पिको-फॉलचं दुकान आहे. पोलिओच्या फेरीत पाणी मागायला तिच्याकडं थांबायचे, तेव्हापासूनची ओळख. त्या उन्हाळ्यात मी दोन साड्या फॉल लावायला घेऊन गेले. तिच्या सुनेनं चहा आणून दिला. पोरगी गरोदर होती, सातवा लागलेला. मी तिला हातापायांना सूज येते का, बाळ फिरतंय का, असं सवयीनं विचारलं. ती आत गेल्यावर मैत्रीण मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "गल्लीत कावीळ लई झालीय बघ."

"किती जणांना?"

"कुणाकुणाला म्हणून सांगू? समोरच्याला हाय, कोपऱ्यावरच्या पोराला हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की सुनेला हे माहीत नाही. तिच्या ऑफिसात दर आठवड्याला आकडे येतात, पण ते दवाखान्यांतून येतात. या गल्लीतली माणसं काविळीला दवाखान्यात जातच नाहीत. कुणी झाडपाल्याचं घेतं, कुणी गळ्यात माळ घालून घेतं. म्हणजे तिच्या कागदावर ही गल्ली कोरी होती. तिच्या आधी मला कळलं होतं.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी गल्ली फिरले. पदर कमरेला खोचला आणि जुन्या सवयीनं कड्या वाजवल्या. लोकांनी मला ओळखलं. "सिस्टर, लई दिवसांनी?" म्हणत बसायला दिलं. कुणाच्या मुलाला पिवळी लघवी होत होती, तो मी मोजणीत धरला. एक दुकानदार जेवण जात नाही म्हणून पडून होता, तोही धरला. बांगड्या विकणारी एक म्हातारी मला खांद्याला धरून आत घेऊन गेली. "आव सिस्टर, अंदर आव. मेरे को भी पीलिया हुआ था." कधी झाला होता, हे मी विचारलं नाही. तिलाही धरलं. दोन दुपारींत हातांची बोटं पुरेनात इतकी माणसं जमली. घरी येताना रिक्षात मला फार वर्षांनी हलकं वाटत होतं.

जेवायला बसल्यावर मी सांगितलं. मुद्दाम आमटी वाढता वाढता, सहज सांगितल्यासारखं. "गुलमंडीच्या मागं काविळीची साथ आहे. तुमच्या ऑफिसात कळलं असेलच."

सुनेचा घास हातात थांबला. "नाही," ती म्हणाली. "कुठल्या गल्लीत?"

तो क्षण मी मनसोक्त चाखला. गल्ली सांगितली, आकडा सांगितला. तिनं ताट बाजूला सारलं आणि विचारायला सुरुवात केली. आवाज चढलेला नव्हता, जाब विचारल्यासारखंही नव्हतं. पण एकेक प्रश्न माझ्या पायाखालचं काहीतरी काढत गेला. कावीळ कशाला म्हटलं तुम्ही? मी म्हणाले, कावीळ म्हणजे कावीळ, डोळे पिवळे. सगळ्यांचे डोळे पाहिलेत? सगळ्यांचे पाहिले नव्हते. कधीपासून आजारी आहेत? काहींचं माहीत होतं, काहींचं नाही. मग ती म्हणाली की साथ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, तर त्या भागात या दिवसांत नेहमी किती असतात ते बघावं लागेल. उकाड्यात पाण्याची टंचाई असते, थोडी कावीळ दरवर्षीच असते.

"म्हणजे मी खोटं सांगतेय?"

"तसं नाही म्हटलं मी, आई."

मुलगा मध्ये पडला. "ती बरोबर विचारतेय गं."

मी ताटाकडं बघत राहिले. त्यानं 'शाबास, आई' म्हणावं इतकीच माझी अपेक्षा होती. तो पुन्हा तिच्याच बाजूला जाऊन बसला होता.

तेवढ्यात सुनेनं विचारलं, "त्या घरांत कुणी गरोदर आहे का?"

पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची एक जात अशी असते की बाकीच्यांना काही आठवडे अंथरुणाला खिळवून सोडते, पण पोटुशीच्या जिवावर उठते. हे मला शिकवायची गरज नव्हती. मी स्वतः कितीतरी नर्सांना ते शिकवलं होतं. आणि मी मैत्रिणीच्या सुनेच्या हातचा चहा पिऊन, तिची सूज विचारून, तिला ओलांडून पुढं गेले होते. ती आजारी नव्हती. त्या दोन दिवसांत मला आजारी माणसं हवी होती, आकडा मोठा व्हायला.

"आहे," मी म्हणाले. "माझ्या मैत्रिणीची सून. सातवा."

"फोन लावा त्यांना. आत्ताच. पाणी उकळून, दुसरीकडून आणता आलं तर आणखी बरं. उद्या आपण जाऊ."

मी उष्ट्या हातानंच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन कर्मचाऱ्यांना घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली. मी आधीच जाऊन उभी होते. आत शिरण्याआधी तिनं त्या दोघांना समोर उभं करून सांगितलं की आज संशयित कुणाला म्हणायचं. गेल्या दोन महिन्यांत, या गल्लीत राहणारा किंवा रोज येणारा माणूस, डोळे पिवळे झालेले आणि लघवी गडद. हे सगळं जुळलं तरच संशयित. रक्ताच्या तपासणीत निघालं तर निश्चित. व्याख्या ठरली की ती सगळ्यांनी सारखीच वापरायची, आपल्याला वाटलं म्हणून कुणाला आत घ्यायचं नाही, कुणाला बाहेर काढायचं नाही. हे शेवटचं ती त्यांच्याकडं बघून बोलली, माझ्याकडं नाही. तरी मला लागलं.

मग माझी माणसं गळायला लागली. पिवळी लघवी होणारा मुलगा ताकदीचं औषध पीत होता. दुकानदाराचे डोळे पांढरेशुभ्र, त्याला पित्ताचा त्रास. बांगड्यावाल्या म्हातारीचा पीलिया तिच्या मुलीच्या लग्नाआधीचा, आणि ती मुलगी आता आजी झालेली. प्रत्येक घरातून बाहेर पडताना कर्मचारी मान हलवायचे आणि मला कुणीतरी माझ्या अंगावरचा दागिना उतरवून घेतल्यासारखं व्हायचं. सून नुसती पुढच्या दाराकडं वळत होती. तिनं एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

पण एक गोष्ट घडली. गल्लीच्या आतल्या बाजूला एका चौकाभोवती काही घरं आहेत. तिथली दारं तिच्यासाठी उघडेनात. "आमच्यात कुणी नाय मॅडम," म्हणून लोक आतूनच सांगत होते. तिथंच एकाची छोटी खानावळ होती. कावीळ म्हटलं तर बंद करायला लावतील, ही भीती. सून पुन्हा पुन्हा समजावत होती, शब्द सगळे बरोबर होते, दार मात्र बंदच. मग मी पुढं झाले. खानावळवाल्याच्या आईला मी नावानं हाक मारली. तुझ्या पोराला पोलिओचा डोस पाजताना त्यानं माझ्या हाताला चावा घेतला होता, ती खूण अजून आहे, आता दार उघड, असं सांगितलं. आतून हसण्याचा आवाज आला आणि कडी निघाली. तोच पोरगा आता खानावळ चालवतो, तोच आत पडलेला होता. डोळे हळदीसारखे. त्याच्या मागं शेजारच्या घरातलेही एकेक पुढं आले. यातला एकही माझ्या मोजणीत नव्हता.

आता यादीत उरलेले संशयित जवळजवळ सगळे त्या चौकातले निघाले. सुनेनं मग चौकाबाहेरच्या घरांत जाऊन धडधाकट माणसांना तेच प्रश्न विचारले. पाणी कुठून, साठवता कशात, खानावळीत जेवता का. मी फक्त आजाऱ्यांच्या दारात गेले होते. निरोग्यांना विचारायचं असतं, हे मला सुचलंही नव्हतं. खानावळीत जेवणारे पण दुसरीकडं पाणी पिणारे चांगले होते. चौकातला एक जमिनीतला हौद सगळे मिळून वापरत. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, म्हणून तो भरून ठेवायचा. हौदाला लागूनच सांडपाण्याची नाली होती आणि आतल्या भिंतीला चीर गेलेली. कर्मचाऱ्यानं पाण्यात औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असतं तर पिवळा रंग आला असता. पाणी जसंच्या तसं राहिलं.

पुढचं सरळ होतं. हौद बंद केला, उपसला, बुजवायचं ठरलं. टँकर आला. क्लोरीनच्या गोळ्या घरोघर वाटल्या. काहींच्या रक्तात तीच कावीळ निघाली, जिची भीती होती. मैत्रिणीच्या सुनेचं रक्त तपासलं, ते चांगलं होतं. तिच्या घरचं पाणी त्या हौदातलं नव्हतंच, फक्त अडीनडीला एखादी घागर आणायचे. दुसऱ्याच दिवशी तिला पैठणला माहेरी पाठवलं. पुढं तिथंच ती सुखरूप बाळंत झाली. नवे रुग्ण कमी होत होत थांबले. तरीही सून बराच काळ दर आठवड्याला त्या गल्लीत माणूस पाठवून शून्य आलं का, हे विचारत होती.

बाळाला घेऊन मैत्रिणीची सून सासरी आली तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. मैत्रिणीनं माझ्या सुनेला पाटावर बसवलं, तिची ओटी भरली, भारीतलं पातळ दिलं. "मॅडम, तुमच्यामुळं माझं लेकरू वाचलं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सिस्टर, तू घरचीच. तुला काय द्यायचं?" सगळे हसले, मीही हसले. फोन मी केला होता. दारं मी उघडली होती. हे त्या खोलीत मोठ्यानं म्हणता येत नव्हतं, कारण त्याच खोलीत मी चहा पिऊन तशीच उठले होते.

ऑफिसात तिचं कौतुक झालं. वरिष्ठांनी ग्रुपवर संदेश टाकला, मुलानं तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला, मलाही. त्यात होतं की समुदायातून मिळालेल्या माहितीवरून वेळेत शोध घेऊन साथ आटोक्यात आणली. मी तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. ती ऑफिसातून आली, हातपाय धुऊन भाजी चिरायला माझ्याजवळ बसली, तेव्हा विचारलं, "समुदाय म्हणजे कोण गं?"

ती विळीवरून वर बघत म्हणाली, "तुम्ही."

"मग तसं लिहायचं की."

तिनं सांगितलं की खबर देणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत. गल्लीत नाव फुटलं की त्या माणसाला त्रास होतो, आणि पुढच्या वेळी कुणी सांगत नाही. अफवा असली तरी ती ऐकून घ्यायची, पडताळायची, पण सांगणाऱ्याला उघडं पाडायचं नाही. नियम चांगला होता. मला तो माझ्यापुरता नको होता.

जरा वेळानं ती स्वतःच म्हणाली, "साहेबांना तोंडी सांगता आलं असतं. ती दारं तुमच्याशिवाय उघडली नसती. मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का?"

नाही गं, त्यात काय, असं म्हणायची माझी रीत. त्या दिवशी तोंडातून निघालं, "व्हय. हवं होतं."

"पुढच्या वेळी सांगते."

"पुढच्या वेळी नको. उद्या सांग."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं. साहेब "अरे वा" म्हणाले आणि दुसऱ्या विषयाकडं वळले, हेही तिनं जसंच्या तसं येऊन सांगितलं. मला वाईट वाटू नये म्हणून वाढवून सांगता आलं असतं. तिचा तो स्वभाव नाही. त्या दिवशी मला ती पहिल्यांदा थोडी आवडली, आणि ते मला आवडलं नाही.

पावसाळ्यानंतर पैठणला आशा ताईंचं शिबिर होतं. तिनं मला बरोबर नेलं. तिनं तिचं सगळं सांगितलं, व्याख्या, रीती, वेळेचं महत्त्व. बायका वह्यांत लिहीत होत्या. मग म्हणाली की बंद दार कसं उघडायचं ते आमच्या आई सांगतील, दहा मिनिटं. मी उभी राहिले आणि सुरू झाले. चावा घेणारा पोरगा सांगितला, बांगड्यावाली म्हातारी सांगितली, माझी चुकलेली मोजणीही सांगितली. बायकांनी पेनं खाली ठेवली. हसल्या, पुढं सरकल्या, एकीनं स्वतःच्या गावचं सुरू केलं, मग दुसरीनं. जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना. बोलता बोलता माझं लक्ष भिंतीकडं गेलं. सून तिथं टेकून उभी होती. तिनं एकदा घड्याळ पाहिलं, एकदा त्या बायकांकडं, मग आपल्या हातातल्या कागदांकडं. चेहरा नीट सांभाळलेला, पण ओठ घट्ट मिटलेले.

तो चेहरा मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला बरं वाटलं. नंतर तिच्यासाठी वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं, आणि मी आणखी एक गोष्ट सांगायला घेतली.